इंजिन चालू असताना

ओपल आपलं ऐकत नाही, या एकाच काळजीनं मॅरेनचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. एरवी पाच वर्षांच्या पोरीनं आईचं न ऐकणं ही काही बातमी नव्हे. पण नेव्हाडाच्या वाळवंटातल्या ओसाड खाणगावांत दर शंभर पावलांवर एक खड्डा आ वासून बसलेला असतो. चांदीपायी खणलेला आणि चांदी संपल्यावर तसाच टाकलेला. तिथे ती बातमी होऊ शकते. (पेपरातला मथळासुद्धा मॅरेनच्या मनात तयार होता. सोबतच्या फोटोत आपले केस कसे दिसतील, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.)

म्हणून तिनं निश्चय केला. नियम म्हणजे नियम! आईला सोडून हलायचं नाही. खड्ड्याजवळ जायचं नाही. आणि दार दिसलं की कडी लावायची, ती बाबा इंजिन बंद करेपर्यंत उघडायची नाही. हा शेवटचा नियम सहलीसाठी घेतलेल्या घरगाडीच्या पहिल्याच वळणावर जन्मला होता. कपाटाचं दार उघडलं आणि बीन्सचा डबा थेट नवऱ्याच्या, म्हणजे डॅरेलच्या, टकलावर आला.

चौथ्या दिवशी ते लॉस्ट म्यूल नावाच्या अशाच एका ओसाड गावाला पोचले. एसीसाठी इंजिन चालू ठेवून डॅरेल गाडीतच लवंडला. गाडीतला संडास फक्त आणीबाणीसाठी, हे त्याचं धोरण. (टाकी रिकामी करायचं काम त्याचं होतं.) त्यामुळे मॅरेन ओपलला घेऊन जुन्या दारूगुत्त्यामागच्या लाकडी संडासाकडे निघाली. पाहुण्यांसाठी तेवढा एक चालू ठेवला होता.

"इथेच उभी राहा. हलू नकोस."

"बरं."

मॅरेन आत गेली. बाहेरून खट्ट आवाज झाला.

"ओपल? काय केलंस?"

"कडी लावली."

वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून खाणवाल्यांनी बाहेरूनही एक लाकडी कडी ठोकून ठेवली होती.

"उघड बघू."

"इंजिन चालू आहे."

"अगं, हे गाडीचं दार नाही!"

"तू म्हणालीस, दार दिसलं की. गाडीचंच असं कुठे म्हणालीस?"

'जा, बाबांना इंजिन बंद करायला सांग' हे शब्द मॅरेनच्या अगदी ओठांवर आले. पण मधल्या वाटेवर तीन खड्डे होते, आणि त्यातल्या एकाचंच कुंपण शाबूत होतं. तिनं शब्द गिळले.

"हलू नकोस हं!"

"हलतेय कुठे?"

मग मॅरेननं पदराऐवजी टीशर्ट खोचला आणि दाराला खांदा लावला. फळी कुरकुरली.

"खबरदार!" बाहेरून कुणीतरी गरजलं. "एक खिळा जरी निघाला तरी याद राख!"

त्या होत्या मिसेस थॉरव्हल्ड, गावाच्या राखणदार, वय ऐंशी. या गावात जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. कललेलं सरळ करायचं नाही आणि उभं असलेलं पाडायचं नाही, असा त्यांचा दंडक.

"आत कोण आहे गं?"

"माझी आई."

"मग दार उघड की!"

"इंजिन चालू आहे, आजी."

"आजी, तुम्ही उघडा हो!" मॅरेन आतून कळवळली.

"हात लावलात तर चावेन," ओपल म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझी लेक शब्दाची पक्की आहे हो. अशी माणसं असती तर हे गाव उठलं नसतं." आणि काठी टेकत ती गाडीकडे गेली.

इंजिन थांबलं. त्याच क्षणी कडी फिरली.

"एवढा वेळ?" डॅरेलनं गाडीच्या खिडकीतून ओरडून विचारलं. "पोट बरंय ना?"

मॅरेननं त्याच्याकडे पाहिलंच नाही. केसांत कोळ्याचं जाळं घेऊन ती घामेजली बाहेर आली आणि तिनं लेकीला छातीशी धरलं. ऐकते! पोरगी आपला शब्दन् शब्द ऐकते! तीन रात्रींची झोप फुकट गेली की!

"गुणाची गं माझी," ती म्हणाली. "पण बाळा, कधी कधी एखादा नियम मोडला तरी चालतो हं."

ओपलनं थोडा विचार केला.

"मग मी खड्ड्याचा मोडते."