ऊसमळ्याचा मालक आणि आमचे हे

जरा डोळ्यांसमोर आणा: गावातल्या अर्ध्या माणसांना जिने अक्षरं गिरवायला शिकवली, ती मास्तरीण एका पुस्तकाला घाबरेल का? छे! म्हणूनच चर्चच्या महिला मंडळात मी उभी राहून बजावलं, "ती 'ऊसमळ्याचा मालक' नावाची चावट कादंबरी मी स्वतः वाचते आणि पुढच्या रविवारी तिची सालटी काढते. बघाच!"

बायकांनी माना खाली घातल्या.

"बाई, आम्ही तर नावसुद्धा ऐकलं नाही हो," लुर्देस म्हणाली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. फिलिपिन्समधल्या आमच्या आख्ख्या नेग्रोस बेटावर पावापेक्षा जास्त खपलेलं पुस्तक, आणि हिने नाव ऐकलं नाही! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

वाचलं. भाषा अशी की चौथीतल्या पोराला मी निबंध परत लिहायला लावला असता. नायकाचे डोळे पानापानावर पेटतात. एवढे पेटतात, तर उसाला आग कशी लागत नाही? नायिकेच्या पोलक्याचं बटण निघालं की आकाशात वीज कडाडलीच, जणू दोन्हींची तार एकच! मी हसले, चिडले, नाक मुरडलं. आणि पुस्तक संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

कारण मधे एक पान होतं. नायिका रुसून गेलेली असते आणि तो मालक दारात बसून म्हणतो, परत ये, तुझे दमलेले पाय मी माझ्या हातांनी धुईन. बस्स. बाकीचं सगळं मला उडवून लावता आलं. एवढं मात्र येईना. समोर आमचे हे, तेओदुलो, पायाची नखं कापत बसले होते.

"अहो," मी म्हटलं, "मी दमलेय का, असं एकदा विचारा ना."

"का? ताप आहे?"

"नाही."

"मग कशाला विचारू?" त्यांनी दुसरा पाय पुढे घेतला.

उभ्या संसारात या माणसाच्या तोंडून एक गोड वाक्य ऐकायचं राहिलंय. ते ऐकल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असं मी तिथेच ठरवलं.

आता गोंधळ ऐका. जूनमध्ये शाळा उघडली की आमच्याकडे पुस्तकांना जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालतात. ही शिस्त गावाला मीच लावली! औषधाच्या दुकानातून घरोघर एकच कॅलेंडर मिळतं, मेरीमातेच्या चित्राचं. कादंबरी लपवायला मी तेच कव्हर घातलं. ह्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकालाही तेच होतं. तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला कळलं नाही ना!

शेजारचा इस्को वारला होता. आमच्यात माणूस गेला की नऊ संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना होते, मग चिकट भाताच्या वड्या आणि कॉफी. वाचायचं काम आमच्या ह्यांचं. मोतीबिंदू पिकलेला, हातात भिंग, पण आवाज घंटेसारखा! पाठ एक ओळ नाही आणि अर्थाकडे जन्मात लक्ष दिलं नाही. शब्द दिसला की म्हणायचा.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. ते आपोआप उघडलं, मी सारखी थांबायचे त्याच पानावर!

"तुझ्यावाचून या घराची चूल पेटत नाही!" हे गरजले.

"आमच्यासाठी विनंती कर!" लोक सवयीने म्हणाले.

"तुझ्या हातांचे घट्टे मी कधी पाहिलेच नाहीत!"

"आमच्यासाठी विनंती कर!"

"परत ये, तुझे दमलेले पाय मी माझ्या हातांनी धुईन!"

इस्कोची बायको पुरिंग ओक्साबोक्शी रडू लागली. आणि मी? तोच आवाज, तेच तोंड, तेच शब्द! हे नुसते वाचताहेत, हे ठाऊक असूनही मी डोळे मिटले आणि ते वाक्य चोरासारखं स्वतःसाठी उचललं.

मग आठवलं. पुढच्या पानावर वीज कडाडते!

ह्यांनी बोटाला थुंकी लावली. थांबवावं, तर मी वाचलंय हे गावाला कळणार. न थांबवावं, तर इस्को शवपेटीतून उठून बसणार! पान उलटलं.

"आणि त्याने तिच्या पोलक्याच्या..."

"आमेन!"

मी किंचाळले. पण मी एकटी नव्हते! आख्खं महिला मंडळ त्याच क्षणी किंचाळलं होतं. लुर्देस तर उठून उभी राहिली होती.

"बाई, तुम्ही आमेन का म्हणालात?"

"तू का म्हणालीस?"

"मला वाटलं, प्रार्थना संपली."

"मलाही तसंच वाटलं."

"मी कॉफी बघते हं," म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली. त्या रविवारी सालटी काढण्याचा विषय कोणीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पुरिंग दारात. "बाई, रोज हीच प्रार्थना म्हणायला सांगा. वाटलं, इस्कोच बोलतोय. जिवंतपणी कधी बोलला नाही मेला!"

नाही कसं म्हणू? त्या पानाच्या पुढची पानं मी भाताच्या खळीने चिकटवून टाकली. बातमी पसरली. आता दूरदूरच्या वाड्यांवरून बोलावणी येतात. "नवी प्रार्थना भलतीच चालते बघ!" हे खुशीत असतात. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या विधवेसमोर, तुझे पाय मी धुईन म्हणून गर्जना करून येतात.

काल मी धीर केला. "अहो, ती पायांची ओळ एकदा घरात म्हणा ना. फक्त मला."

"आता बोलायला लावू नकोस गं, घसा बसलाय," हे कुजबुजले. "जरा आलं घालून पाणी उकळ."

मी उकळलं. आलं जरा जास्तच पडलं.