भिकनमामांची टोळी

शिंपी कपडे वेळेवर देत नाही, असलं काही ऐकायला तुम्ही बसला असाल, तर उठा. आमच्या शहाद्याचे भिकनमामा सांगितल्या दिवशी कपडे इस्त्री करून तयार ठेवत. फक्त ते हातात पडायच्या आधी गिऱ्हाइकाला पहाड उचलून दाखवावा लागे.

म्हसावदचे पुरुषोत्तमभाई, चांगले केळीचे बागाईतदार, पोराच्या लग्नासाठी शिवलेला कोट न्यायला आले. मामांनी कोट मांडीखाली घेतला आणि त्यांच्यापुढं रंगीत चित्रांचं पुस्तक धरून एका गड्यावर बोट ठेवलं.

"भाई, तुम्ही हाऊ पहाड उचलनारा. बोला."

"मामा, पाव्हना दारशी ई लागनात!"

"त्या बसतीन. पहाड पडी ऱ्हायना, तो कोन धरी?"

त्या पुस्तकाचं असं आहे. लढाईच्या वर्षांत मामा देवळालीला लष्कराचे कपडे शिवत. गोऱ्या सोल्जरांनी फेकलेली ही पुस्तकं तिथले पाच शिंपी मिळून वाचायचे. गोष्ट पाच वीरांच्या टोळीची. म्हणून प्रत्येकानं एकेक वीर घेतला, आपल्या वीराच्या तोंडाजवळ अक्षरांचा फुगा आला की तो त्यानं बोलायचा. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे कुणाचं अडत नसे. मामा उडणारे. लढाई संपली, टोळी फुटली, पुस्तकं सुटली.

मग मी मॅट्रिकला असताना मामा सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांच्या झुली विकायला गेले, आणि शेवेच्या पुडीवर त्यांना आपला उडणारा गडी दिसला! त्यांनी शेववाल्याची सगळी रद्दी उचलली. तो बिचारा दिवसभर गिऱ्हाइकांच्या टोपीत शेव ओतत होता.

घरी येऊन मोठ्या हौसेनं रद्दीतलं पुस्तक उघडलं आणि मामा खवळले. "पाठवरनं कापड घोटालगून व्हतं, गुडघालगून कसं उनं? यास्ना शिंपीनी कापड मारं!"

पण माणसं तीच होती. तेवढ्यावर त्यांनी टोळीला माफ केलं.

एकट्यानं वाचायला मात्र ते तयार नव्हते. "टोळीनं पुस्तक शे. एकला वाचीसन कसं चाली?" म्हणून गिऱ्हाइकं पकडायची. मी शाळा सुटली की दुकानात बसून नकला करायचो, म्हणून माझ्याकडे व्हिलन आणि व्हिलनची सगळी कुत्री.

एकच वीर ते कुणाला देत नसत. दूरचं ऐकणारा. तो गफूरचा. मालेगावचा गफूर देवळालीला मामांच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. तिथंच आजारात गेला. त्याचा फुगा आला की मामा बोट वर करत. "गफूर बोली ऱ्हायना." आम्ही गप्प, मशीन गप्प. मग मामाच म्हणत, "हां, चला पुढे."

कोटाच्या दिवशी पंचाईत झाली. शेवटच्या पानावर चार वीर गुहेत कोंडलेले, पाणी गळ्याशी आलेलं, आणि बाहेरची वाट फक्त त्या ऐकणाऱ्याला ठाऊक. पानभर त्याचेच फुगे. मामांचं बोट वर गेलं ते खाली येईना. नजर पानावरून हलेना. भाई एकदा बोटाकडं बघतायत, एकदा मांडीखालच्या कोटाकडं. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"अरे कोनी तरी बोला ना भो! बुडी मरतीन सगळा!"

माझ्या जिभेला तेवढंच हवं होतं. मी छाती फुगवली आणि नाटकातल्या राजासारखा गरजलो, "घाबरू नका! डाव्या हाताला वळा!"

मामांनी मापाचा लाकडी गज उचलला. भाईंनी कोट सोडून दार गाठलं.

"गाढवना! गफूर कधी आरडे का? त्याले दम लागे. दोन शब्द बोले, थांबे, खोके, हासे, मंग तिसरा. इतलं बी समजत नही, नी मोठा नकला करस! बठ आठे. पहिलेपासून बोल. धीरे."