हिरवळ पोटात हवी

गिनीपिगांची जोडी घरात आली त्याच दिवशी काकूंनी सांगून टाकलं, की घरात शिवणकाम चालतं, गिऱ्हाइकांचे कपडे पसरलेले असतात, तेव्हा ही मंडळी गच्चीवर राहतील. बदलीच्या गावी जाताना लेक ती जोडी वडिलांच्या हवाली करून गेली होती. काका निवृत्त मुद्रितशोधक. छापखाना सुटला तरी चुका काढायची खोड सुटली नव्हती. काकू काही सांगायला लागल्या की ते मध्येच शब्द सुधारायचे. त्यामुळे काकूंनी हळूहळू सांगणंच सोडून दिलं होतं.

गच्ची म्हणजे नुसतं सिमेंट. गवताची काडी नाही. काकांनी पुस्तकांचं एक जुनं कपाट आडवं केलं, मांजराच्या भीतीने जाळी ठोकली, खाली विटा लावल्या आणि आत वाळलेलं गवत पसरलं. दुपारी वर ओलं पोतं. तरीही, पायाखाली हिरवळ नसताना जनावरं जगतील का, ही शंका काही जाईना. शेवटी ते गुरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "हिरवळ पायाखाली नसली तरी चालेल हो. पोटात हवी. रोज, ताजी."

काका तडक कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे गेले, कारण सगळ्या भागाची खबर त्याला असायची.

"इथे आसपास चांगली हिरवळ कुठे मिळेल हो?"

दूधवाल्याचं माप हवेतच राहिलं. काकांनी 'गवत' म्हटलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण वाळलेलं ते गवत आणि ओली ती हिरवळ, हा त्यांचा नियम. त्यापुढे त्यांनी भल्याभल्या लेखकांचं चालू दिलं नव्हतं.

"काका, या वयात?"

"वयाचा काय संबंध? आणि मला एकट्याला नकोय. घरी दोघं वाट बघतायत."

दूधवाल्याने जरा विचार केला आणि घसा खाकरून सांगितलं, की बागेच्या मागच्या फाटकाशी जा, संध्याकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग सुटतो तेव्हा.

"रोज असते ना? शिळी नको."

"रविवार सोडून रोज," दूधवाला कसाबसा म्हणाला.

त्या फाटकाशी खरोखरच हिरवळ होती, माळीही भला होता. काका रोज जाऊ लागले. आठवडा संपायच्या आत दूधवाल्याने दूध घालता घालता काकूंना ऐकवलं, "काका बरे रमलेत हिरवळीत. जपा जरा."

काकूंनी आधी हसण्यावारी नेलं. पण मग एकेक गोष्ट नजरेत यायला लागली. काका हल्ली संध्याकाळी भांग पाडून बाहेर पडत. परत आले की थेट गच्चीवर. एकदा वाळलेले कपडे काढायला काकू जिन्यापर्यंत गेल्या, तर वरून आवाज आला. मऊ, लाडिक, कधी न ऐकलेला. "राणी, रुसलीस का गं? उद्या लवकर येतो हं."

काकू तशाच खाली उतरल्या. उंदराएवढ्या जनावराला कोणी राणी म्हणत असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. फोनवर बोलतायत, दुसरं काय? त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. लग्नाच्या नव्या नवलाईतही त्यांच्या वाट्याला 'अगं'च्या पुढे काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मागोमाग निघाल्या. वर्ग सुटला, बायका घाम पुसत बाहेर पडल्या. काकांनी मानही वर केली नाही. ते कुंपणामागे उकिडवे बसले आणि खाली वाकून काहीतरी कापू लागले. तोंडात तयार ठेवलेली सगळी वाक्यं घेऊन काकू पुढे झाल्या आणि त्यांची नजर काकांच्या हाताकडे गेली.

"ही माझी कापडाची कात्री."

त्या कात्रीने काकूंनी कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता.

"बाई असती तर एक वेळ सोडून दिलं असतं," काकू म्हणाल्या.

"कोणती बाई?"

व्यायामवाल्या बायका आता कोंडाळं करून उभ्या होत्या. काका हिरवळ आणि गवत यांतला फरक समजावू लागले, तसं काकूंनी त्यांना गप्प बसवलं.

"मग राणी कोण?"

काका कानापर्यंत लाल झाले. "पांढरी. डावीकडे बसते ती."

बायका हसत हसत पांगल्या. काकू हसल्या नाहीत. सवत असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या, गिनीपिगाच्या काय उपटणार? आणि तो आवाज यांच्याकडे इतकी वर्षं होता, हेच जास्त झोंबत होतं. घरी पोचल्यावर त्यांनी निकाल दिला, की यापुढे हिरवळ मी आणीन, माझ्या विळ्याने, आणि गच्चीवरही मीच जाईन.

दुसऱ्या दिवशी काका खाली पुस्तक घेऊन बसले. पान उलटलं नाही. काकू वर जाऊन बराच वेळ झाला होता. वरून राणीची शीळ ऐकू आली, हिरवळ दिसली की ती काकांसाठी घालायची तीच. इतक्या लवकर फितूर झाली? ते पाय न वाजवता जिना चढले.

काकू सिमेंटवर फतकल मारून बोलत होत्या. लहानपणी पोहायला शिकायचं होतं म्हणून चोरून विहिरीत उतरले, बाहेर यायला जमेना, शेवटी पायऱ्यांवरून पाणी प्यायला उतरलेल्या म्हशीची शेपटी धरून वर आले. सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. पांढरी त्यांच्या मांडीवर होती. काका दारातच थबकले. विहीर, म्हैस, यातलं अक्षरही त्यांना ठाऊक नव्हतं. आता राणीचा हेवा वाटत होता की काकूंचा, हे त्यांना सांगता आलं नसतं.

ते खाकरले.

"ऐकायचं असेल तर बसा," काकू मान न वळवता म्हणाल्या. "मध्ये तोंड घालायचं नाही."

काका बसले. मग चाचरत त्यांनी विचारलं, "विहीर खोल होती का गं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही गिनीपिगांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली होती. तरी काकूंनी पांढरीला खाली ठेवलं आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.