दोन किल्ल्यांची बंदूक

शामराव मेजरांच्या घरी ज्याला चोरी करायची असेल, त्याने निदान अर्धा तास सवड काढून यावं. कारण मेजरांकडे बंदूक आहे. परवान्याची, दुनळी, बारा बोअरची. मात्र ती चोरावर रोखण्याआधी बरंच काही उरकावं लागतं. आधी करगोट्याला बांधलेल्या किल्लीने माजघरातलं लोखंडी कपाट उघडायचं. आत बंदूक असते, पण नळी वेगळी आणि दस्ता वेगळा, दोन्ही जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेले. ते जोडून झाले की काडतुसं लागतात. काडतुसं असायची मेजरांच्या पत्नीच्या, म्हणजे मालनकाकींच्या, ट्रंकेत. साड्यांच्या खाली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्या ट्रंकेची किल्ली काकी पानसुपारीच्या चंचीत ठेवत आणि चंची कमरेला खोचलेली असे. म्हणजे किल्ली मागावी लागे. आणि मागितली की काकी विचारत, "कशापायी?"

बावीस वर्षांत या प्रश्नाचं काकींना पटेल असं उत्तर मेजरांना एकदाही देता आलं नाही.

मी त्यांचा शेजारी. पलूसपासून थोड्या अंतरावर, गावाबाहेर उसाच्या मळ्यात आमची दोनच घरं आहेत आणि मधे शेवग्याचं एक झाड. मेजर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात, तो तिकडे कोण होता याची चौकशी कुणी करत नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि गाव मला डाक्टर म्हणतं. त्यामुळे हुद्द्याच्या बाबतीत आम्ही दोघांनी एकमेकांना कधी अडचणीत आणलं नाही.

फौजेनंतर मेजरांनी मिरजेला एका बँकेच्या दारात काही वर्षं पहारा दिला. ती नोकरी स्वतःची बंदूक असणाऱ्याला मिळत होती, म्हणून बंदूक घेतली. पुढे नोकरी संपली आणि बंदूक घराच्या रक्षणाला आली. ती कायमची घरी आली त्याच दिवशी मेजरांनी काकींना पाटावर बसवून नियम समजावून सांगितला होता. पलटणीत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. तिथे हत्याराची किल्ली एकाकडे आणि दारूगोळ्याची दुसऱ्याकडे. दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या हातात कधीच द्यायच्या नाहीत. आणि कारण विचारल्याशिवाय काही काढून द्यायचं नाही, मागणारा कर्नल असला तरी.

"आजपासनं तू कोत हवालदार," मेजर म्हणाले.

काकींनी हा हुद्दा जितका मनावर घेतला, तितका फौजेत तरी कुणी घेतला असेल की नाही कोण जाणे. एरवी त्या घरात "अगं मालन" आणि "आवं ऐकलं का" चालायचं. बंदुकीचा विषय निघाला की मात्र मेजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभे राहत आणि हिंदीवर येत. "कोत हवालदार, चाबी." काकी भाकरी थापता थापता, मान वर न करता, मराठीतच विचारत, "कशापायी?"

एकदा भर दुपारी विहिरीवरच्या मोटरीची केबल कापणारा चोर मेजरांना दिसला. दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता. मेजर शांतपणे घरी आले, कपाट उघडलं, बंदूक जोडली आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. मी शेवग्याखाली होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं.

"कोत हवालदार, चाबी."

"कशापायी?"

"चोर हाय. केबल कापतोय."

"केबलीपायी मानूस मारनार व्हय?"

"मारनार न्हाई. भ्या दावनार."

"मग रिकामीच दावा की. त्येला काय आतलं दिसतंय?"

"रिकामी बंदूक कुनावर रोखायची न्हाई. आनि भरलेली रोखायची तर चालवायची तयारी पायजे. नियम हाय."

"मग हाय का तयारी?"

मेजरांनी बराच वेळ विचार केला. माणूस प्रामाणिक.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग ठिवा ती आत. च्या टाकलाय."

तोवर चोर केबल गुंडाळून, बैजवार, पायवाटेने निघून गेला. मेजरांनी बंदूक सुटी केली, तेलाचं बोट फिरवलं, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि बशीत ओतून चहा घेतला. संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, की मेजर, असली बंदूक असून उपयोग काय? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"जिम्मेदारी हाय ही, डाक्टर. बंदूक काय कुनीबी काढतंय. ती आत ठिवायला शिकवायलाच फौज सोळा वर्सं घेती."

हा 'जिम्मेदारी' शब्द ते दिवसातून पाचपन्नास वेळा वापरत. बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण ही जिम्मेदारी होती, तसंच म्हशीचं पाणी, पावसाळ्यात गटार मोकळं करणं आणि माझ्या नातवाला हिंदीत एक ते शंभर शिकवणं हीही जिम्मेदारीच होती.

लोणंदला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. नवऱ्या मुलाने स्वतः फोन करून सांगितलं, "काका, वरातीत दोन बार काढा. सासरवाडीच्या लोकांना कळू दे आपलं घराणं काय आहे ते." मेजर "बघतो" म्हणाले आणि काकींबरोबर रेल्वेने लोणंदला गेले. सोबत एक लांबडी पेटी होती. सगळं वऱ्हाड त्या पेटीकडे आदराने बघत होतं. पेटी ठेवायला तर एका पाहुण्याने स्वतःची खुर्ची रिकामी करून दिली. वरात निघाल्यावर मेजरांनी पेटी उघडली आणि आतून लवंगी फटाक्यांच्या दोन माळा काढल्या.

"आवाजच पायजे हुता न्हवं?" त्यांनी नवऱ्या मुलाला विचारलं.

पुतण्या पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. काकींनी मात्र त्या दिवशी पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या, आणि परतीच्या गाडीत खिडकीची जागा मेजरांना दिली. त्या एरवी खिडकी सोडत नसत.

मेजरांचे खरे हाल व्हायचे ते निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. आमच्याकडे कसली ना कसली निवडणूक चालूच असते. मग मेजर बंदूक गोधडीत गुंडाळून माझ्या मोटरसायकलवर मागे बसत आणि खड्डा आला की माझ्या पाठीत गुद्दा घालत. ठाण्यात पावती मिळाली तरी त्यांचा पाय निघत नसे. बाजाराच्या दिवशी मेथीची जुडी हातात घेऊन ते ठाण्यात डोकावत आणि तिथल्या हवालदार बाईंना विचारत, "बरी हाय न्हवं? ओल न्हाई न्हवं तिथं?" बाई बिचाऱ्या दर वेळी आत जाऊन बघून येत. एकदा असंच बंदूक ठाण्यात असताना आमच्या उसात बिबट्या आला. काकींनी परात बडवून तो घालवला आणि ही गोष्ट मेजरांना पुढे कितीतरी दिवस ऐकवली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात मेजर सगळ्यांच्या आधी हजर असत. कोण निवडून आलं हे त्यांना बहुतेक माझ्याकडूनच कळायचं.

गेल्या निवडणुकीत बंदूक जमा करून आलो आणि त्याच आठवड्यात काकींचं पोट दुखायला लागलं. मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. अठरा दिवस मेजर त्या पलंगाशेजारी स्टुलावर ताठ बसून होते. शेवटच्या दिवशी काकींनी उशाखालून चंची काढून त्यांच्या हातात दिली. मी तिथेच होतो. मेजरांनी चंची घेतली आणि विचारलं, "कशापायी?"

काकी हसल्या.

दिवसकार्य झालं. पुण्याला असते ती त्यांची मुलगी महिनाभर राहिली, बाबांना चला म्हणाली, बाबा म्हैस सोडून जाईनात, मग ती एकटीच परत गेली. निकाल लागून बरेच दिवस झाले होते. एके दिवशी ठाण्यातल्या हवालदार बाईंचा मला फोन आला. "सगळ्यांनी आपापल्या बंदुका नेल्या. मेजरांचीच तेवढी राहिली आहे. आजारी आहेत का?"

मी गेलो. मेजर सोप्यात बसले होते. दाढी वाढलेली होती, आणि ही गोष्ट मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो.

"मेजर, बंदूक आणायची नाही का?"

"न्हाई."

"का हो?"

त्यांनी सदरा वर करून करगोटा दाखवला. त्याला दोन किल्ल्या होत्या. एक कपाटाची, दुसरी ट्रंकेची.

"दोनी माझ्याकडंच हायती आता," ते म्हणाले.

मला कळलं नाही, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

"पलटनीत माझा एक जोडीदार हुता. गावाकडनं बायकू गेल्याची तार आली त्येला. त्या दिशी कोतच्या दोनी चाब्या त्येच्याच हातात हुत्या. एक चाबी माझी हुती, डाक्टर. मी जेवायला गेल्तो, त्येच्याकडं दिऊन. परत आलो तवा त्यो ऱ्हायला न्हवता. नियम चोरासाठी न्हवता घातला मी. मालनला काय सांगितलं न्हाई कवा. नुसतं इचारायचं, येवढंच सांगितलं. तिनं इचारलं बिचारीनं."

"ह्या घरात आता सकाळधरनं सांजपतुर कुनी बोलत न्हाई. म्हैस बोलंल तेवढंच. मला माझा भरवसा न्हाई वाटत. तवा ती तिथंच बरी हाय."

मला भीती वाटली. मी म्हणालो, "मग परवानाच परत करू या ना. मी येतो सोबत. काय करायची आहे ती ब्याद घरात?"

मेजरांनी ट्रंकेची किल्ली चिमटीत धरली. पानातल्या चुन्याचे पांढरे डाग तिच्यावर अजून होते.

"मग ही कशाची चाबी ऱ्हायली?" त्यांनी विचारलं.

मी हात पुढे केला आणि म्हणालो, "द्या ती माझ्याकडे."

मेजरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भरतीला उभा राहिल्यासारखा मी नकळत सरळ झालो.

"इचारशाल?"

"विचारीन."

"दर टायमाला? मी चिडलो तरी?"

"हो."

"आनि पटलं न्हाई तर?"

"नाही देणार."

त्यांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, म्हणून वेळ लागला. मी मदत करू का विचारलं, तर "जिम्मेदारी हाय" म्हणाले. त्या दिवशी मुलीलाही मी फोन करून सगळं सांगितलं. ती आता रोज सकाळी बाबांना फोन करते आणि म्हशीचं दूध किती निघालं इथपासून सुरुवात करते.

दुसऱ्या दिवशी मेजर दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. ठाण्यात हवालदार बाईंनी विचारलं, "मेजर, या वेळी इतका उशीर?"

"कोत हवालदाराची बदली झाली," मेजर म्हणाले आणि पावतीवर सही केली. बाईंना काकींचं कळलेलं होतं. त्यांनी मान खाली घालून बंदूक आणून दिली.

त्याच संध्याकाळी मेजर माझ्या दारात आले. उंबऱ्याबाहेर टाचा जुळवल्या. "कोत हवालदार, चाबी."

मी जेवायला बसत होतो. सवयच नव्हती. शेजारचा माणूस आपली वस्तू मागतोय, म्हणून मी भिडेने उठलो आणि खुंटीवरची किल्ली काढून सरळ त्यांच्यासमोर धरली. मेजर दोन पावलं मागे सरकले.

"असली कसली हो तुमची डूटी?" ते रागाने म्हणाले. "आधी इचारा की."

मी ओशाळलो. किल्ली परत खुंटीला लावली आणि विचारलं, "कशापायी?"

मेजरांचा चेहरा सैल पडला. "नळीला तेल द्यायचं हाय," ते म्हणाले.

"मग काडतुसं कशाला?"

"व्हय की," मेजर म्हणाले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात. रोज नवीन कारण असतं. डुकरं आल्यासारखी वाटतात, काडतुसं दमट झाली असतील, ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायच्या आहेत. डांबरगोळ्यांचं कारण मला पटलं होतं, पण मी म्हणालो, मी येतो बरोबर. आम्ही दोघांनी मिळून ट्रंक उघडली. मेजर काकींच्या साड्यांवरून एकदा हात फिरवून बाजूला झाले आणि गोळ्या मी टाकल्या.

काल ते नेहमीच्या वेळेला आले. टाचा जुळवल्या, चाबी मागितली. मी विचारलं, "कशापायी?"

मेजरांची कारणं संपली असावीत.

"आज काय कारन न्हाई," ते म्हणाले.

"मग नाही मिळायची. आत या, च्या टाकलाय."

ते आत आले, बसले, चहा घेतला. जाताना मी त्यांना उंबऱ्यापर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, "उद्या येताय न्हवं, मेजर?"

"येतो की," मेजर म्हणाले. "तुमी हायसा न्हवं इचारायला?"