चार फुटी दर्या आणि दोन बोटे पाण्याचा हुकूम

ऐका. मागे थोर थोर बखरनवीस होऊन गेले, त्यांनी किल्ले, तोफा आणि तख्ते यांचे वर्तमान लिहिले, आणि ते काम सोपे होय. किल्ला पडला तर आंधळ्यासही आवाज येतो. परंतु दिवाणखान्यात चार फूट काचेआड जे रण माजले, त्यात धूर नाही, नौबत नाही, एका पंपाची गुरगुर तेवढी, ते लिहावयास छाती लागते. ती आम्हांस आहे. यास्तव जैसे घडले तैसे, कोणाची भीडमुर्वत न धरिता, साद्यंत लिहितो. मध्येच कोणी उठू नये.

तर या घराचे धनी राव. कचेरीत आस्थापना शाखेचे मुख्य लेखनिक, दिमाख मात्र वजिराचा. त्यांचा एक नियम दशदिशांस गाजला होता: ज्या दर्जाची जागा रिकामी होईल, ती त्याच दर्जाच्या असामीने भरावी, शिपायाच्या जागी शिपाई, लेखनिकाच्या जागी लेखनिक. बावीस वर्षे कचेरी या नियमावर चालली, आणि एकवार दिलेला हुकूम रावांनी कधी फिरविला नाही. एके दिवशी रावांची दाढ ठणकली, आणि स्वारी दंतवैद्याकडे गेली, आणि तेथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती, आणि तीत नारंगी अंगावर पांढरे पट्टे ऐसे जोकर मासे डुलत होते. राव बघत राहिले, आणि मग दाढ विसरले, आणि मग अक्कलही तेथेच विसरून घरी आले.

घरी खिडकीजवळची जागा राणीसाहेबांची. राणीसाहेब म्हणजे रावांच्या पत्नी. घरी शिवणकाम करीत, आणि त्यांचे कापड बेतण्याचे टेबल बारा वर्षे त्या उजेडात ठाण मांडून होते. रावांनी नेमका त्याच ठाण्यावर डोळा ठेविला. हुकूम सुटला की टेबलाने न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात मुक्काम हलवावा. टेबल हलले. बाई कोपरे आवळून बोळात कापड बेतू लागल्या, आणि जो तो न्हाणीघरास जाता त्यांस धक्का देऊन जाऊ लागला, आणि बाई काही बोलल्या नाहीत. बायको गप्प बसली की शहाण्याने सावध व्हावे. राव सावध जाहले नाहीत.

मग टाकीवाला आला. हा माणूस मासे विकण्यात मातब्बर आणि बोलण्यात सबुरीचा. त्याने काच मांडिली, वाळू पसरली, दर्यातले दगड रचिले, पंप आणि दिवे जोडिले, खारे पाणी भरिले, आणि ते महिनाभर मुरल्यावर फौज उतरविली: जोकर माशांची जोडी, एक कोळंबी, एक गोगलगाय. मग तो खारेपणा मोजण्याचे काट्याचे यंत्र रावांच्या हाती देऊन निगराणीचा दस्तूर सांगू लागला, तो राव प्रत्येक वाक्य पुरे होण्याआधीच "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत गेले. बिचारा निम्मा दस्तूर पोटात घेऊनच परत गेला. यंत्रावर रावांनी नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी चिकटविली आणि सामान खराब होऊ नये म्हणून खोक्यासह कपाटात कुलूपबंद केले.

आठवडा गेला, आणि टाकीतले पाणी दोन बोटे खाली उतरले. राव खिडकीशी टाकीपुढे आपली आरामखुर्ची ओढून बसले, आणि मसलत केली, आणि मसलतीस आपणच एकटे हजर राहिले, आणि मग फर्मावले की ज्या अर्थी खाऱ्या पाण्याची जागा रिकामी जाहली, त्या अर्थी ती खाऱ्या पाण्यानेच भरावी. साधे पाणी हा दर्जा वेगळा. मग मीठ कालवून बादली तयार झाली.

तेव्हा राणीसाहेब बोळातून टाके घालता घालता म्हणाल्या, "अहो, कालवण आटलं तर वरून साधं पाणी घालतात. परत मीठ घातलं तर तोंडात धरवेल का?"

रावांनी निकाल दिला की स्वयंपाक आणि सागरशास्त्र ही खाती निराळी, एका खात्याने दुसऱ्यात ढवळाढवळ करू नये. आणि दर आठवड्यास दोन बोटे खारे पाणी पडत राहिले.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो. दुसऱ्या महिन्यात कोळंबी पडली. मग गोगलगाय काच चढून बाहेर आली, आणि जमिनीवर सुकून गेली. बिचारीने घर सोडले, यावरून तरी समजावे, पण समजते कोण! मग एके सकाळी जोकरांच्या जोडीतली मादी वाळूवर आडवी मिळाली. राहिला एक. तो दगडामागे लपला, अन्न घेईना, कल्ले भराभर उडू लागले.

राव खवळले. पंपावर संशय घेतला, पंप बदलला. दिव्यावर घेतला, दिवा बदलला. मग मातोश्रींवर घेतला: मातोश्री संध्याकाळी मालिका मोठ्याने लावीत, त्या आवाजाने माशाचे मन खचते, यास्तव आवाज उतरवावा, ऐसा लेखी हुकूम जन्मदात्रीस दिला. मातोश्रींनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "अरे, मासा उपाशी आहे की मालिकेतल्या सुनेचं त्याला दुःख झालंय? काहीतरीच तुझं!" आणि आवाज दोन घरे वाढविला.

मग राणीसाहेबांनी तह पुढे केला. कलम एकच: हा मासा गेला की टाकी घराबाहेर, आणि टेबल खिडकीशी. रावांनी खाली मान घालून सही केली. आता वाचणाऱ्याने नीट ध्यानी घ्यावे की माशाचा जीव आणि बाईंची जागा एकमेकांच्या आड आली होती. बाईंनी नुसते गप्प राहावे, चार दिवसांत सारे आपोआप मिळत होते.

चौथे दिवशी सुटी होती. बाई मोजमापाची पिवळी फीत घेऊन खिडकीशी आल्या आणि टाकी उठल्यावर टेबल कैसे बसेल हे मोजू लागल्या, आणि फीत काचेवरून सरकली, आणि तो मासा दगडामागून हळूच निघून फितीच्या मागे मागे आला. तोंड उघडे, श्वास चढलेला. बाईंचा हात थांबला. काचेच्या काठावर पांढरे कण जमले होते, बाईंनी एक नखाने खरवडला, जिभेस लाविला, आणि थू करून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर लोणच्यासारखं झालंय!" त्यांनी टेबलाकडे पाहिले, मग माशाकडे पाहिले. आणि मग फीत गुंडाळली.

फोन त्यांनीच लाविला, आणि सर्वांस ऐकू येईल ऐसा लाविला. टाकीवाला म्हणाला, "ताई, मीठ कधी उडून जातं का? पाणी उडतं, मीठ आतच राहतं. रोज साधं गाळलेलं पाणी घालायचं, हेच तर सांगत होतो मी! काटा काय म्हणतोय?"

काटा कपाटात होता. किल्ली शोधण्यात पाव घटका गेली. यंत्र पाण्यात बुडविताच काटा योग्य खूण ओलांडून पार टोकास जाऊन टेकला. रावांचा चेहरा उतरला.

टाकीवाल्याने बजावले की घाई कराल तर धक्क्यानेच मरेल. दिवसभरात दर तासास लिटरभर खारे काढावे, लिटरभर साधे घालावे, ऐसे तीन दिवस. मग मोहीम सुरू झाली. राव रजा टाकून घड्याळ धरून बसले, आणि मातोश्रींनी मालिकेच्या जाहिरातीत उठून काटा वाचला, आणि बाई हातातले शिवण टाकून दर तासास मापाचे भांडे घेऊन आल्या, आणि धार काचेच्या कडेने इतकी हळू सोडिली की वाळूचा कणही हलला नाही. पहिले दिवशी मासा हलला नाही. दुसरे दिवशी दगडाबाहेर आला. राव दोन्ही दिवस धड जेवले नाहीत, हेही लिहिले पाहिजे; माणूस हट्टी होता, निर्दय नव्हता.

तिसरे दिवशी दुपारी काटा खुणेवर आला. बाईंनी चिमूटभर खाद्य सोडिले. मासा आला, बघून परत गेला, पुन्हा आला, आणि गपकन गिळता जाहला.

"खाल्लं! खाल्लं!" ऐसे मुख्य लेखनिक बावीस वर्षांचा दिमाख सोडून ओरडले, मातोश्री धावत आल्या. मग रावांनी कागद ओढला आणि लिहू लागले की प्रशासकीय कारणास्तव पूर्वीचा हुकूम...

"अहो, कागद ठेवा," बाई म्हणाल्या. "तोंडाने सांगा."

रावांचे कान लाल झाले. लेखणी खाली ठेविली. म्हणाले, "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. तीन जीव गेले माझ्या हट्टापायी." आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी भांडे त्यांच्या हाती दिले. "उद्यापासून तुम्ही. रोज, साधं पाणी. आणि टेबल खिडकीशी येतंय. टाकी राहू दे, तुमची आरामखुर्ची बोळात जाईल."

राव एवढेच म्हणाले, "जाईल."

येणेप्रमाणे चार फुटी दर्यावर राणीसाहेबांची फत्ते जाहली. मासा जिवंत, सुखरूप. रणी पडले: कोळंबी एक, गोगलगाय एक, मादी जोकर एक, त्यांची नावे कोणी ठेविली नव्हती म्हणून लिहिली नाहीत. बंदीवान कोणी नाही. शरण आलेली असामी एक, खासा राव.