खिळ्यांचे रोडगे

मोर्शीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला रोडगे भाजणं काही अवघड नाही, असं माझं ठाम मत होतं. आता ते नाही.

नवस माझ्या वच्छलाताईचा. तिचा नितेश चौतीस वर्षांचा, वलगावला नऊ एकर शेती, आणि शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी हिवरखेडची रागिणी हो म्हणाली. ताईनं शेतातल्या मारुतीला कबूल केलं होतं की लग्न ठरलं तर रोडग्यांचं जेवण घालीन, आणि त्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. नवस बोलली तेव्हा थंडी होती. फेडायचा दिवस निघाला एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत. ताईचं वय सदुसष्ट!

सकाळी साडेआठला मी शेतावर पोचलो तेव्हा माणिकबाई कणकेला तेलाचे पदर देऊन रोडग्यांचे गोळे वळत होत्या. आसपास कुठेही रोडगे असले की त्यांनाच बोलावतात. त्यांची पद्धत अशी : गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा, निखाऱ्यात रोडगे ठेवून वरून गरम राख ओढायची आणि दोन-अडीच तास तिकडे बघायचं नाही. म्हणजे बारा वाजून जाणार. ताई आंब्याखाली बसली होती आणि तिचे ओठ आताच सुकले होते. मला कसंतरीच झालं.

"अकराच्या ठोक्याला नैवेद्य," मी जाहीर करून टाकलं.

हिशेब सरळ होता. एवढ्या गोवऱ्यांना दोन तास, तर दुप्पट गोवऱ्यांना एक. चौथीतलं त्रैराशिक! शिवाय गोळे दुप्पट मोठे केले की नग निम्मे, म्हणजे कामही निम्मं. जाळ बसायची वाट बघणं तर निव्वळ अंधश्रद्धा. जाळ जास्त गरम की निखारा? जाळ. मग विषय संपला.

"मास्तर, मोठ्याले जास्त वेळ लागते," माणिकबाई म्हणाल्या.

मी त्यांना उष्णता म्हणजे काय ते थोडक्यात समजावलं. थोडक्यात म्हणजे वीस मिनिटं. "असन बाप्पा," म्हणून त्या बाजूला झाल्या.

गोवऱ्यांचा ढीग माझ्या छातीइतका झाला. जाळ असा उठला की शेजारच्या शेतातली माणसं बादल्या घेऊन धावत आली. बरोबर अकराला मी वीस रोडगे बाहेर काढले. काळेकुट्ट, तोफेच्या गोळ्यांसारखे. बाहेरून एवढा जळला म्हणजे आतून शिजलेलाच असणार, असा माझा पुढचा निष्कर्ष होता. ताई आंब्याच्या खोडाला धरून उठली. आमचे भाऊजी, भगवंतराव, यांनी नैवेद्यासाठी एक रोडगा फोडला आणि आत बोट दाबून पाहिलं.

"याच्या तं अजून पोळ्या लाटता येते," ते म्हणाले.

ताई परत खाली बसली. कच्चा नैवेद्य मारुतीला चालत नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि डोळे मिटून घेतले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण आता माघार कशी घ्यायची? चूक फक्त एवढीच की उष्णता आतपर्यंत पोचली नव्हती. ती पोचवायची. लोखंड उष्णतेचं सुवाहक आहे, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. गोठ्याच्या पत्र्यांसाठी आणलेले नवे खिळे होतेच. मी डब्यातून चाळीस मोजून काढले, धुतले आणि हातोडीनं रोडग्यांत ठोकू लागलो. कुठे दोन, कुठे एक, साल कडक असेल तिथे जोर लावून. नेमके तेव्हाच हिवरखेडचे पाहुणे आले. होणाऱ्या जावयाचा मामा जेवणाला खिळे ठोकतो आहे हे त्यांनी पाहिलं आणि नमस्कार जरा लांबूनच केला.

आणि सांगतो, युक्ती लागू पडली! खिळ्यांसकट परत निखाऱ्यात पुरलेले रोडगे साडेबाराला आतपर्यंत शिजले होते. मी विजयी मुद्रेनं खिळे उपटले आणि मोजले.

सदतीस.

परत मोजले. सदतीसच. काही खिळे ठोकताना डोक्यासकट आत गेले होते, हे मला तेव्हा आठवलं. ताईनं हात जोडून सांगितलं की खिळ्याचा नैवेद्य ती देवाला दाखवणार नाही. मग पाहुणे, यजमान, बादल्या घेऊन आलेले शेजारी, सगळे मांडी घालून रोडगे कुस्करायला बसले. एकोणीस रोडग्यांचा भुगा झाला. खिळा एक नाही. ताईला घेरी आली तशी नितेशनं तिला धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला भुगा खाली ठेवला.

तेवढ्यात माणिकबाई आल्या. अकरा वाजता माझा पहिला पराभव झाला तेव्हाच त्यांनी बांधाकडेला थोड्या गोवऱ्यांत पाच लहानसे रोडगे ठेवले होते. बदामी रंगाचे, दाबले की वाफ सोडणारे. एक वाजता नैवेद्य झाला. ताई तांब्याभर पाणी प्यायली आणि माझे डोळे भरून आले. धुरानं नव्हे.

रागिणीचे वडील अजून बोटांवरचा भुगा झटकत होते. त्यांनी विचारलं, "मामासाहेब, चाळीस खिळे डब्यातून काढले का रोडग्यात ठोकले?"

मी खिशात हात घातला. तिन्ही तिथेच होते.

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. भुग्यावर तूप आणि वांग्याची भाजी घेऊन सगळे जेवले. तसेही रोडगे कुस्करूनच खातात. ताईनं मला शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं आणि अगदी मायेनं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "बंडू, तुह्या हाताखालची पोरं पास कशी व्हत होती रे?"

मी म्हणालो, "मोर्शीची पोरं मुळातच हुशार आहेत, ताई."