रणपिसे सर असं म्हणालेच नव्हते

नुसतं खाली नाव घालायचं, एवढाच माझा विचार होता. चोरी नाही, दरोडा नाही. एका वाक्याखाली एक नाव. लोक दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःचं नाव लावतात. मी माझ्या वाक्यावर दुसऱ्याचं लावलं. म्हणजे मी तसा उदारच म्हणायचा! (शीलाला हे पटलेलं नाही. शीला म्हणजे आमची सौभाग्यवती. माझ्या उदारपणाबद्दल तिला लग्नापासूनच शंका आहे.)

मी मोखाड्यात कारकून. ऑफिस कुठलं ते विचारू नका, नोकरी अजून शिल्लक आहे. रोज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मी एक सुविचार टाकायचो, स्वतः रचलेला. त्याला कधी कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. आमचा शिपाई पांड्या ‘आज नळाला पाणी नाही’ एवढंच लिहायचा, तर त्याला सगळं ऑफिस हात जोडायचं. माणसाने किती दिवस सहन करायचं?

त्या सकाळी मी लिहिलं, ‘हसत राहा, हसणं हीच खरी प्रार्थना.’ वाचून माझं मलाच भरून आलं. समोर ओटीवर रणपिसे सर कोरा चहा पीत बसले होते. प्रार्थना म्हटल्यावर नजर त्यांच्याकडे गेली, आणि अंगठ्याने खाली टाइप केलं, ‘— याकोब रणपिसे’.

अर्ध्या तासात ग्रुपवर हातांचं जंगल उगवलं. खुद्द साहेबांनी लिहिलं, ‘वा! काय विचार आहे!’ साहेबांनी माझ्या रजेच्या अर्जावरसुद्धा इतकं लिहिलं नव्हतं.

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. सर नगरकडचे. तरुणपणी जव्हारला वसतिगृह चालवायला आले आणि इथल्या पाड्यापाड्यांतून पोरं गोळा करून शिकवत बसले. ख्रिस्ती माणूस, शब्दाला कडक. पुस्तकं लिहिली थोडीच, पण लोक अजून झेरॉक्स काढून वाचतात. शीला पोशेऱ्याची, सरांच्याच हाताखाली शिकली. ती वसतिगृहात असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून तिला माहेर म्हणजे सर. पुढे सरांच्या बाई वारल्या. मूलबाळ नाही, त्यात सर सगळं विसरायला लागले. गॅसवर दूध ठेवायचं आणि एसटी स्टँडवर जाऊन बसायचं. मग शीलाने त्यांना आमच्याकडे आणलं. माझी परवानगी तिने रीतसर विचारली होती. सरांची बॅग आत ठेवून झाल्यावर.

सरांचं एक पुस्तक शीलाच्या कपाटात साडीत गुंडाळलेलं असतं. मी ते वाचलेलं नव्हतं. मूळ माणूसच घरात असताना पुस्तक कशाला वाचायचं?

आणि मूळ माणसाची तऱ्हा अशी, की जेवणाआधी हात जोडायचे, ओठ हलायचे, पण डोळे टक्क उघडे! एकेकाच्या ताटावरून नजर फिरायची. आमची शेजारीण गोजाबाई एकदा जेवायला होती, ती माझ्या कानात म्हणाली, “हा म्हातारा देवाचं नाव घेतो का भाकऱ्या मोजतो?” मलाही तेच वाटायचं. भाजी जास्त वाढून घेतली की मी ताट जरा पाठीमागे सरकवायचो.

तर, एकदा चव लागल्यावर मी थांबतोय कशाला! सर रोज सकाळी माझ्या अंगठ्यातून बोलू लागले. झाडांवर बोलले, आईवडिलांवर बोलले, वेळेवर ऑफिसला येण्यावरसुद्धा बोलले. (हे शेवटचं साहेबांनी प्रिंट काढून हजेरीच्या टेबलावर लावलं. त्याच दिवशी मी उशिरा पोचलो.) बाजाराच्या दिवशी लोक शीलाला थांबवून सांगायचे, काय बोलतात हो तुमचे सर!

“अहो, हे सरांचं कसं असेल?” शीला भाजीची पिशवी ठेवत म्हणाली. “सरांनी उभ्या जन्मात कोणाला हसत राहा म्हटलं नाही. पोरगा हसताना दिसला की म्हणायचे, गृहपाठ दाखव.”

“उतारवयात माणूस मऊ होतो,” मी म्हणालो आणि घाईघाईने अंघोळीला गेलो. एकदा करून झालेली होती, तरी गेलो.

मग आला मराठी भाषा दिन. साहेबांच्या डोक्यात सरांचा सत्कार करायचं आलं. स्टेजच्या मागे हा भलामोठा फ्लेक्स, त्यावर सरांच्या आधार कार्डावरचा फोटो, आणि फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत माझं वाक्य! शाल झाली, नारळ झाला. ‘सर, दोन शब्द’ म्हणून माइक हातात दिला. सर मागे वळले आणि फ्लेक्स सावकाश वाचत राहिले.

“हे मी लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“तुमचंच, सर! सगळ्यांना पाठ आहे!” साहेब म्हणाले.

सरांनी लोकांत मला शोधलं. गोंधळलेलं पोर ओळखीचं माणूस शोधतं तसं. आणि मी, हरेश नावाच्या गाढवाने, मान डोलावली.

“असेल मग,” सर माइकमध्ये म्हणाले. “हल्ली माझं मला आठवत नाही.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या दिवसापासून सर हसायला लागले. आपण लिहिलंय, तर तसं वागायला हवं, असा तो माणूस! पण त्या चेहऱ्याला सवयच नव्हती. दाढ दुखत असताना फोटो काढावा तसं ते हसणं. सकाळी उठले की विचारायचे, “हरेशराव, मी ते प्रार्थनेचं काय म्हटलंय?” मी सांगायचो. ते मान हलवायचे, पाठ करायचे, आणि भिंतीकडे बघून हसायचे. सुरुवातीला मला मजा वाटली. नंतर ओटीवर जायलाच नको वाटू लागलं.

मग शीलाच्या आईची तिथी आली. त्या दिवशी शीला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या करते आणि सर आपल्या पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवतात, हा आमच्या घरचा नेम. मी आजवर त्या वेळी नेमका दुकानात काहीतरी आणायला जायचो. या वर्षी सरांना अक्षर लागेना. शीलाने तव्यावर भाकरी टाकली आणि पुस्तक स्वतःच हातात घेतलं. मी तिथेच होतो. वाक्यं आखूड, साधी.

‘पोशेऱ्याला एका घरी मुलीला शाळेत घाला म्हणून सांगायला गेलो. त्या बाईने मला भाकरी वाढली. मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि जेवलो. नंतर कळलं, घरात ती एकच भाकरी होती. मी डोळे उघडे ठेवले असते तर दिसलं असतं. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतो.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मुलगी म्हणजे शीला. ती बाई म्हणजे तिची आई.

“छान लिहिलंय,” सर म्हणाले. “कोणाचं?”

“तुमचं, सर.”

“छे छे. माझं ते हसण्याचं. फ्लेक्सवर आहे ना!” आणि ते हसले. तेच ते दाढदुखीचं हसणं.

तव्यावरची भाकरी करपली. शीला उठली नाही. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “कोणी लिहिलं ते?”

“मी,” मी म्हणालो. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते खरंच.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “अहो, माझ्या आईचा एक फोटो नाही. ती होती ती या चार ओळींत. तिला त्या घरात बघितलेलं माणूस म्हणजे सर, माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नाही. तुम्ही त्यांच्या तोंडात काय घालायचं ते घातलंत, पण माझ्या आईला बाहेर का काढलंत?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फोन काढला आणि ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं, की सरांच्या नावाचे सगळे सुविचार माझे होते. लगेच साहेबांचं उत्तर आलं, ‘हरेश, सरांचं श्रेय लाटू नका.’ पांड्याने लिहिलं, ‘भाऊ, तुम्हाला असं सुचेल होय?’ त्याला सगळ्या ऑफिसने हात जोडले.

मग सरांपुढे बसलो. म्हटलं, “सर, ते हसण्याचं वाक्य तुमचं नाही हो. माझं आहे. मी खोटं तुमच्या नावावर घातलं.”

सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “असू द्या, हरेशराव. लिहिता आलं नाही म्हणून कोणी लहान होत नाही.”

घ्या! त्यांचंच सांत्वन मला. स्वयंपाकघरात जाऊन मी तोंडात पंचा कोंबून रडलो.

थोड्या वेळाने आम्ही जेवायला बसलो. शीलाने सरांना वाढलं, मला वाढलं, आणि करपलेली भाकरी मागे तव्यावरच ठेवून स्वतःचं ताट रिकामं घेऊन बसली. भूक कोणाला होती! सरांनी हात जोडले. डोळे उघडे. नजर माझ्या ताटावरून शीलाच्या ताटावर गेली आणि थांबली. ओठ हलायचे बंद झाले. त्यांनी आपली भाकरी मोडली, अर्धी शीलाच्या ताटात ठेवली आणि हात पुन्हा जोडून म्हणाले, “आधी तुम्ही घ्या, चिमीबाई.”

शीलाने तोंडावर पदर धरला.

“काय झालं?” मी विचारलं.

“आईचं नाव,” ती म्हणाली. “पुस्तकात नाव नाही हो. कुठेच नाही.”

सर तिच्याकडे बघत होते, ती पहिला घास घेईपर्यंत. तेव्हा ते हसत नव्हते. कित्येक दिवसांनी मला रणपिसे सर दिसले. शीला रडत रडत ती अर्धी भाकरी खात राहिली आणि सरांनी मग प्रार्थना पुरी केली.

भाताच्या लावणीत सर गेले. रात्री निजले ते सकाळी उठले नाहीत. ओटीवर कोरा चहा कोणाला द्यायचा, हे शीलाला बरेच दिवस कळत नव्हतं. ती कप भरायची, आणि मग मी तो प्यायचो. मला कोरा चहा आवडत नाही, पण पीत होतो.

खुलाशानंतर ऑफिसच्या ग्रुपवर मी पुन्हा स्वतःच्याच नावाने सुविचार टाकायचो, पण सर गेले त्या दिवशी भाकरीचा तो उतारा शब्दन् शब्द तपासून टाकला. पुस्तकाच्या पानाचा फोटोसुद्धा जोडला. खाली ‘— याकोब रणपिसे’. जन्मात पहिल्यांदा खरं.

साहेबांनी लिहिलं, ‘हे सरांचं वाटत नाही. सर इतकं उदास लिहीत नसत. निदान आज तरी त्यांच्या नावावर काही खपवू नका.’ खाली त्यांनी श्रद्धांजली म्हणून सरांचं ‘खरं’ वाक्य टाकलं, ‘हसत राहा, हसणं हीच खरी प्रार्थना.’ हातांचं जंगल उगवलं. माझ्या वाक्याला इतके हात कधी मिळाले नव्हते, आणि मला एकेक हात थोबाडीत बसल्यासारखा वाटत होता. मी पुन्हा खुलासा लिहायला घेतला, तोवर साहेबांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं.

फोन शीलाच्या हातात दिला. तिने सगळं वाचलं. सकाळपासून ती धड बोलली नव्हती. डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे आता उद्यापासून तुमचे सुविचार बंद?”

“बंद,” मी म्हणालो.

“बघा,” ती म्हणाली, “सर वर पोचले नाहीत तोच देवाने त्यांची पहिली प्रार्थना ऐकली.”